हलवणारा कोण, हलू देणारा कोण : थरथरणाऱ्या स्टेअरिंगचा तपास

पावसाळा ओसरला की गॅरेजांत एक तक्रार हमखास येते : ऐंशीच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग मारून घ्या." ही दोन वेगळी कामं आहेत (अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आणि थरथरीवर त्यातलं एकच, बॅलन्सिंग, लागू पडतं. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, गाडी टायर खायला लागते. पण चाक थोडं तिरपं उभं आहे म्हणून ते दर फेऱ्याला एकदा धक्का देत नाही. तसा धक्का द्यायचा तर फिरणाऱ्या वस्तूतच खोट असावी लागते.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हलवणारा कोण आणि हलू देणारा कोण? हलवणारे सगळे फिरणारे भाग : टायर, रिम, ब्रेक डिस्क, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाचा जोर चाकाला नेणारा दांडा). हलू देणारे म्हणजे लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश म्हणजे रबरी सांधे, बॉल जॉइंट (गोळीचा सांधा), टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचं टोक), स्टेअरिंग रॅकचे बुश, दम गेलेले शॉकअप. सैल बॉल जॉइंट स्वतःहून थरथर निर्माण करत नाही. चाकातली दहा-पंधरा ग्रॅमची जी चूक धडधाकट गाडीत कळलीही नसती, ती तो हातापर्यंत पोचू देतो. त्यामुळेच काही गाड्या बॅलन्सिंगनंतर महिनाभर बऱ्या वाटतात आणि पुन्हा तेच सुरू होतं. उलट काही गाड्यांत चार पार्ट नवे बसतात आणि थरथर जागची हलत नाही. दोन्हीकडे तपास अर्धाच झालेला असतो.

खालचं सगळं स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, टियागो अशा गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय : पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा पिळता आडवा दांडा), ओढ पुढच्या चाकांना. आखूड उंच जीपवजा गाड्यांचं प्रकरण निराळं, ते शेवटाकडे.

ठरावीक वेगालाच का?

१८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला चौदा फेरे मारतं. रिमच्या काठावर एका जागी २० ग्रॅम जास्त असतील तर ह्या वेगाला ते चाकाला जवळजवळ तीन किलोच्या जोराने बाहेर ओढतात, तेही सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलत. वेग निम्मा केला की जोर पावपट होतो, म्हणून शहरात काही जाणवत नाही.

दुसरी गोष्ट, चाक, हब आणि ब्रेक मिळून जो गोळा स्प्रिंगच्या खाली लोंबतो त्याची स्वतःची एक हलण्याची लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाचे फेरे त्या लयीत आले की थरथर फुगते. ह्या मापाच्या टायरला तो पट्टा ताशी ७० ते ११० च्या दरम्यान पडतो. म्हणूनच ९० ला हलणारं स्टेअरिंग ११५ ला शांत होतं आणि माणसाला वाटतं, वेग घेतला की गाडी सुधारते. ती सुधारलेली नसते. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे म्हणून तो पट्टा ओलांडून त्याच्या वर चालवत राहणं हा उपाय नव्हे. बेअरिंग आणि जॉइंट मार खातच असतात.

वेगाचं उलटं टोकही पाहा. २० ते ४० च्या वेगात स्टेअरिंग संथपणे डावीकडे-उजवीकडे डुलत असेल आणि गाडीचं नाक बदकासारखं हलत असेल, तर बॅलन्सिंगच्या मशिनकडे जायचंच नाही. टायरच्या आतला स्टीलचा पट्टा सुटलाय किंवा रिम चांगलीच वाकलीय. पट्टा सुटलेला टायर गरम झाला की जास्त डुलतो. असा टायर घेऊन हायवेला लागू नये.

गाडी उचलण्याआधी चालवून बघा

आधी हवा. सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली. पंपावरचा मुलगा "पस्तीस मारू?" विचारतो म्हणून पस्तीस नको. मग मोकळा, सपाट, सरळ रस्ता. शक्यतो दोन प्रकारचे रस्ते घ्या, एक डांबरी आणि एक सिमेंटचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यांवर आडव्या रेघा कोरलेल्या असतात, त्यांची घूं आणि स्लॅबच्या सांध्यांची ठरावीक टपटप ह्यांना भले भले बेअरिंगचा आवाज समजतात. डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर आवाज गेला तर तो रस्त्याचा होता.

स्टेअरिंग दोन बोटांनी हलकं धरा. घट्ट मुठीत थरथर मरते.

हातात जाणवतं की बुडाखाली? स्टेअरिंग हलतंय तर खोट पुढच्या चाकांत. सीट आणि फ्लोअर हलतंय, हातात काही नाही, तर मागच्या चाकांत. हे बहुतेक वेळा खरं निघतं, पण शंभर टक्के नाही. त्याची खात्री पुढे चाकं अदलाबदल करून होते.

थरथरीच्या वेगाला आल्यावर ॲक्सिलरेटर सोडून काही क्षण न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवायचं, चावीला हात लावायचा नाही, आणि हे सपाट रस्त्यावर मॅन्युअल गिअरच्या गाडीतच. थरथर तशीच राहिली तर चाकं. एकदम गेली तर इंजिन माउंटिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट. ३० ते ६० मध्ये जोरात उचलताना गाडीचं नाक आडवं थरथरतं आणि पाय काढला की थांबतं, हे गिअरबॉक्सकडच्या आतल्या सीव्ही जॉइंटचं (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याचं) लक्षण. बाहेरचा सीव्ही जॉइंट वेगळा बोलतो : पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी हळू पुढे घेतली की कट-कट-कट. बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसलं तर जॉइंट अजून वाजत नसला तरी वेळ भरत आलीय. बूट वेळेत बदलला तर जॉइंट वाचतो, एकदा वाजायला लागल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नाही.

सिग्नलला उभं असताना, एसी चालू, आणि स्टेअरिंग बारीक थरथरतंय? त्याचा चाकांशी संबंध नाही. गिअरमधून काढून इंजिन १५०० आरपीएमला धरा. गेलं तर माउंटिंगचं रबर बसलंय किंवा इंजिन एका सिलिंडरवर चुकतंय.

वेगाबरोबर चढत जाणारी घूं असेल तर रिकाम्या रस्त्यावर ६० च्या वेगाला गाडी हलकेच डावी-उजवी झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. झुलवून काहीच फरक पडत नसेल तर टायरच्या खाल्लेल्या नक्षीचा आवाज. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हबच्या सीलमधून पाणी आत शिरतं आणि बेअरिंग लगेच नाही, काही महिन्यांनी गुणगुणायला लागतं. तोवर पाण्याची गोष्ट कुणाच्या लक्षात नसते.

चाक

रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. कोकणातून आलेल्या गाडीत तिथे लाल चिखलाचा वाळलेला पोपडा हमखास सापडतो, आणि एका जागी साचलेला मूठभर चिखल ५० ग्रॅमच्या वर सहज जातो. चाक धुवायचं ते आतून. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने न निघालेल्या थरथरी इथे खरवडून निघतात, फुकटात.

मग टायर. गाडी उचलून आतली बाजूसुद्धा बघायची, कारण खड्ड्याच्या काठाने येणारं टेंगूळ बरेचदा आतल्या साइडवॉलवर असतं आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. टेंगूळ म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर स्टेपनीतही ठेवू नये. टायरचं वयही वाचा : साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षीवरून तळहात पुढे आणि मागे असा दोन्हीकडे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते माप) चुकलाय. घेरावर ठरावीक अंतराने खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअप गेलाय. चाक रस्त्यावर आपटत चाललं होतं. अशा टायरवर नवा शॉकअप टाकला तरी आवाज टायर बदलेपर्यंत राहतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं शॉकअप खराब दिला.

महिनाभर एका जागी उभी राहिलेली गाडी पहिले काही किलोमीटर धडधडते. टायर खालच्या बाजूला चपटा झालेला असतो. पंधरा-वीस किलोमीटर चालून गरम झाल्यावर जात असेल तर काही करू नका.

आता अदलाबदल. पुढची दोन्ही चाकं मागे, मागची पुढे, त्याच बाजूला. मग परत तोच रस्ता, तोच वेग. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर खोट त्या दोन चाकांत आहे आणि सस्पेन्शनला हात लावायची गरज तूर्त नाही. काहीच फरक पडला नाही तर डिस्क, हब, शाफ्ट किंवा खेळ (सांध्यांतला सैलपणा). बिनपैशाची ही परीक्षा सगळ्यांत जास्त सांगते आणि सगळ्यांत कमी केली जाते, कारण तिचं बिल लावता येत नाही. स्टेपनी लावून एकेक चाक तपासायचं असेल तर आधी तिचं माप बघा. हल्ली पुष्कळ गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे ९० ची थरथर तिच्यावर तपासता येत नाही.

बॅलन्सिंगला उभं राहून बघा. जुनी सगळी वजनं काढली का? चाक आतून साफ केलं का? रिमची रुंदी, व्यास आणि अंतर मशिनमध्ये नीट भरलं का? रुंदी चुकली तर मशिन आत्मविश्वासाने चुकीचे आकडे दाखवतं. आणि एक परीक्षा आवर्जून मागा : शून्य-शून्य आल्यावर कोनाचा (चाक मध्यात धरणाऱ्या शंकूचा) नट सैल करून चाक मशिनवर अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळायला सांगा आणि परत फिरवा. पुन्हा शून्य किंवा पाचेक ग्रॅम आले तर काम खरं. एकदम २५-३० दाखवले तर चाक कोनावर मध्यात बसत नव्हतं आणि लावलेली वजनं कोनाची चूक दुरुस्त करतायत, चाकाची नाही.

एका बाजूला ६० ग्रॅमच्या वर वजन मागणाऱ्या चाकात वजनं चिकटवत सुटू नये. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बसवला की पुष्कळदा आकडा निम्म्यावर येतो, कारण टायरची आणि रिमची जड बाजू एकमेकींवर आलेल्या असतात. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो तो टायरच्या हलक्या जागेचा. तो हवेच्या वॉल्व्हसमोर आणतात. पंक्चर टाळण्यासाठी टायरमध्ये ओतलेलं सीलंट असेल तर बॅलन्सिंगचा नाद सोडा. ते द्रव दर वेळी नव्या जागी जमतं. अलॉयला चिकटवायच्या वजनांची जागा आधी थिनरने पुसून कोरडी करायला लावा, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात पट्टी गळते आणि तीच तक्रार परत.

मशिनवर शून्य आलेलं चाकही हलवू शकतं, कारण वजन सारखं असलं तरी आकार गोल असेलच असं नाही. चाक उचला, शेजारी विटेवर स्क्रूड्रायव्हर ठेवून त्याचं टोक रिमच्या काठापासून दोन मिमीवर आणा, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. वर-खाली आणि आत-बाहेर, दोन्ही बघा, रिमवर वेगळं आणि टायरवर वेगळं. अलॉयला साधारण एक मिमी आणि टायरला दीड मिमीच्या पुढे फरक गेला की हातात यायला लागतो. पोलादी रिम ठोकून बरीच सरळ येते. अलॉय थोडी वाकलेली असेल तर प्रेस करून घ्यायला हरकत नाही, पण तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून वापरू नये, कितीही स्वस्तात पडली तरी.

बाजारातल्या अलॉय असतील तर मधलं भोक मोजा. मारुती आणि ह्युंदाईच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा हब ५४.१ मिमीचा आहे. बाजारात मिळणाऱ्या अलॉयचं भोक सगळ्यांना बसावं म्हणून ६७ किंवा ७३ मिमी ठेवलेलं असतं. मधे प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची हब रिंग हवी, नाहीतर चाक नुसत्या नटांच्या भरवशावर मध्यात बसतं आणि दर वेळी थोडं वेगळं बसतं. पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अलॉयवाल्या गाड्यांत आधी हे तपासावं.

बसवताना हबचा चेहरा वायर ब्रशने गंजमुक्त करायचा, नट चाक अधांतरी असतानाच हाताने चांदणीच्या क्रमाने टेकवायचे, आणि शेवटचा आवळा गाडी खाली घेतल्यावर टॉर्क पान्ह्याने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या मध्ये पडतो. एअर गनने ठोकलेले नट ह्याच्या दुप्पट-तिप्पट जातात, प्रत्येक वेगळा.

ब्रेक दाबल्यावरच हलतं तेव्हा

इथे गॅरेजचा निकाल एका वाक्यात येतो, "डिस्क बेंड झाली." डिस्क सहसा वाकत नाही. होतं ते असं : नवी डिस्क टाकताना हबवरचा गंज कुणी साफ केला नाही. डिस्क केसभर तिरकी बसली. ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला तिची एकच जागा पॅडला घासत राहिली आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ झाली. आता ब्रेक दाबला की पॅड जाड-पातळ जागेवरून जातो, पेडल धडधडतं आणि स्टेअरिंग हलतं. जाडीत दीड-दोन शतांश मिमीचा फरक त्याला पुरतो. म्हणजे आज आलेल्या धडधडीचं कारण कित्येक महिन्यांपूर्वीच्या ब्रेकच्या कामात असतं, आणि डिस्क लेथवर घासून त्याच गंजक्या हबवर परत बसवली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

डायल गेज (केसभर फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) असेल तर डिस्क फिरताना किती डगमगते ते सगळे नट आवळून, काठापासून दहा मिमी आत तपासा. बहुतेक कंपन्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. मर्यादेबाहेर असेल तर डिस्क हबवर एक-एक छिद्र पुढे सरकवून पुन्हा मोजा. कधीकधी तेवढ्यावर भागतं. जाडी मायक्रोमीटरने आठ जागी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्या खाली गेलेली डिस्क लेथला न्यायची नाही. कॅलिपरच्या सरकपिना हाताने सरकायला हव्यात. एक अडकलेली पिन आतला पॅड कागदाएवढा आणि बाहेरचा नव्यासारखा करून ठेवते.

दुसरं कारण घाटाचं. आंबोली किंवा आंबा घाट चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, सगळा भार ब्रेकवर टाकून उतरायचा आणि खाली चहाच्या टपरीसमोर पाय पेडलवर घट्ट ठेवून थांबायचं. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एका जागी छापला जातो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्याच आसपास उतरावं, आणि खाली आल्यावर डिस्क वाऱ्यावर थोडी निवू द्यावी.

पेडल धडधडतं, सीट हलते, पण स्टेअरिंग शांत, तर मागचे ड्रम बघा. रिकाम्या कोरड्या सरळ रस्त्यावर ४० च्या वेगाला, बटण दाबून धरून, हँडब्रेक अगदी हलका ओढा. धडधड आली तर ड्रम लंबगोल झालाय.

आणि डिस्क-ड्रम सगळं ठीक असूनही ब्रेकवर स्टेअरिंग हलत असेल तर लोअर आर्मचा मागचा मोठा बुश. इथे हलू देणारा सापडतो. बुश फाटला की ब्रेकच्या जोराने चाक मागे सरकतं, परत पुढे येतं. मोकळ्या जागेत गाडी चालण्याच्या वेगाने पुढे घेऊन ब्रेक, मागे घेऊन ब्रेक, असं करा. दर दिशाबदलाला एक "ठक" आला की बुशकडे बॅटरी मारून बघा. रबरात आरपार भेग, किंवा तेल भरलेला बुश असेल तर खाली ओघळ.

खेळ शोधणं

जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडा (भार पेलणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हात घालू नका. मागच्या चाकांना पाचर.

चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर तो बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनवर धरून हलवताना खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. टाय रॉड एंडवर बोट ठेवलं की टिक जाणवते. रॅक एंड बुटाच्या आत असतो, बूट मुठीत दाबून धरून दुसऱ्याला चाक हलवायला सांगायचं. बेअरिंगसाठी आणखी एक युक्ती : चाक हाताने फिरवत दुसरा हात त्याच स्ट्रटच्या स्प्रिंगवर ठेवा. कानाला न येणारी खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते.

मॅकफर्सनमध्ये गाडीचा भार वरून स्ट्रटवर येतो, म्हणून चाक लोंबत ठेवून बॉल जॉइंट तपासलेला चालतो. दोन विशबोनवाल्या (चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असलेल्या) एसयूव्हीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते. तिथे चाक लोंबत सोडलं तर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि खेळ लपतो. जॅक लोअर आर्मच्या खाली लावून मग चाक हलवायचं.

लिंक रॉडचंही (वळणावर गाडीचं झुकणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचंही) असंच. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला असतो, लिंक ताणात असते आणि खिळखिळी लिंकही घट्ट लागते. दोन्ही चाकं एकदम उचला किंवा दोन्ही जमिनीवर ठेवा.

आवाजांवरून अंदाज येतो, पण अंदाजच. छोट्या-छोट्या खड्ड्यांवर १०-२० च्या वेगात टक-टक म्हणजे बहुधा लिंक रॉड. एका बाजूची लिंक सोडवून गल्लीत हळू एक चक्कर मारली आणि आवाज गेला तर शंकाच नको. पेव्हर ब्लॉकवर स्टेअरिंगमधून खडखड, आणि ती हातातही, म्हणजे रॅकचा बुश किंवा स्टेअरिंग कॉलमच्या खालचा यूजे (वळता सांधा). स्पीडब्रेकर उतरताना धप् म्हणजे शॉकअप किंवा त्याच्यातला कुजून पडलेला बम्प स्टॉप (शॉकअप पार दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा). उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना "टंग्" करून स्प्रिंग उडी मारते ती वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगमुळे. स्प्रिंगवर हात ठेवला की उडी सापडते. अशा गाडीत वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळही येत नाही, आणि लोक त्याचा दोष अलाइनमेंटला देतात.

शॉकअपवर तेलाचा हलका दमटपणा, धूळ बसलेला, इतकं चालतं. ओघळ नको. बॉनेटवर भार देऊन गाडी हलवायची जुनी परीक्षा पार मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. बदलायचे तर जोडीने, आणि माउंटिंग, बम्प स्टॉप, धुळीचा बूट त्याच वेळी, कारण उघडायची मजुरी तीच. लिंक रॉड मात्र एकच गेला असेल तर एकच बदलला तरी काही बिघडत नाही.

दोन गोष्टी नव्या बुशना अकाली मारतात. पहिली, गाडी लिफ्टवर लोंबत असतानाच लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळणं. रबर त्या लोंबत्या स्थितीत बांधलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मग शेवटचा आवळा द्यायचा. मागच्या ट्विस्ट बीमच्या बुशलाही हाच नियम. दुसरी, सर्व्हिसिंगनंतर गाडीच्या पोटाखाली मारलेला डिझेलचा किंवा जळक्या ऑइलचा फवारा. दिसायला काळंभोर छान दिसतं, कुई-कुई चार दिवस थांबते, आणि रबर फुगून मऊ पडतं. सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवरच "खाली स्प्रे नको" लिहून द्यावं.

जिप्सी, जिम्नी आणि डेथ वॉबल

ज्या गाड्यांना पुढे अखंड ॲक्सल आहे (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) त्यांत डेथ वॉबल नावाचा एक वेगळा प्रकार होतो. ६०-७० च्या वेगाला एका खड्ड्यावरून चाक गेलं की दोन्ही चाकं एकत्र डावी-उजवी फडफडायला लागतात आणि स्टेअरिंग हातातून निसटू पाहतं. जोरात ब्रेक नको. ॲक्सिलरेटर सोडून, स्टेअरिंग धरून, वेग उतरू द्यायचा. स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकला की हे काही दिवस दबतं म्हणून तोच आधी बदलला जातो, पण डॅम्पर फक्त झाकण आहे. किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंगं सैल पडलीत का ते बघा. जिम्नीत ॲक्सलला आडवा धरणारा रॉड असतो, त्याचे बुश. मग टाय रॉड. गाडी उंच केली असेल तर कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झालेला असतो, आणि मोठे टायर त्यात भर घालतात. सध्याच्या थारला पुढे अखंड ॲक्सल नाही, तिच्या थरथरीला हे नाव लावू नये.

अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी

चाकं, ब्रेक, खेळ सगळं निस्तरल्यावरच अलाइनमेंट. सैल टाय रॉड एंडवर केलेली अलाइनमेंट गेटच्या बाहेर पडेपर्यंत टिकते. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागा. ह्या छोट्या गाड्यांत बहुधा फक्त टो जुळवता येतो, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि कॅस्टर कंपनीने बसवले तसे. म्हणून डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर तो जुळवायचा नसून त्याचं कारण शोधायचं : वाकलेला स्ट्रट, लोअर आर्म, नकल (हब ज्यात बसतो तो वळता भाग), किंवा सरकलेली सबफ्रेम (खालचे आर्म धरणारी चौकट). काही टायरवाले हायड्रॉलिक जॅकसारखं हत्यार लावून स्ट्रट वाकवतात आणि "कॅम्बर काढून दिला" म्हणून वेगळे पैसे घेतात. आकडा हिरवा होतो, खरा वाकलेला भाग तसाच राहतो आणि धड असलेला स्ट्रट बिघडतो. स्पष्ट नाही म्हणा.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासा, अलॉय असतील तर नक्कीच.